रिकाम्या कुंडीला पाणी

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही.

सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे मी. माणसं जाताना डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यांना पुसून-बिसून स्वच्छ कपडे घातले आहेत, आणि हात धुऊन लगेच डबाही खाल्ला आहे. रात्रपाळीला बंद खोलीतून आवाज आला तर मी किंचाळत नाही. खिडकी उघडी ठेवणाऱ्या वॉर्डबॉयला शिव्या घालते.

म्हणून म्हणते, हा अनुभव कुणाच्या मेव्हण्याच्या मित्राला आलेला वगैरे नाही. मला स्वतःला आलाय.

आणि मध्यरात्रीही नाही.

भर दुपारी. डोळे दिपतील अशा उन्हात. मावशीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे मी लहानपणापासून लोळलेय.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. स्वभावाने गोड, पण एका बाबतीत हट्टी. घर सोडून कुठे राहायला जायची नाही. माझ्या लग्नात जेवून हात धुतले आणि ही निघाली! का, तर कुंड्यांना पाणी घालायचंय.

काका नेहमी म्हणायचे, "या घरात मी वाळलो तर चालेल. कुंड्या वाळता कामा नयेत."

त्या उन्हाळ्यात काकांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांनी थंड हवेच्या ठिकाणी आठवडाभराची सहल ठरवली. काकांनी मला फोन केला. ते मला सिस्टरबाई म्हणतात.

"सिस्टरबाई, एक उपकार करा. तुम्ही पाणी घालते म्हणालात तर मावशी तयार होईल. म्हातारपणी एकदा तरी बायकोबरोबर फिरून येऊ द्या हो."

आता यावर कोण नाही म्हणेल?

निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशीने मला बाल्कनीत उभं केलं. छोटीशी बाल्कनी, काचांनी बंद केलेली. गुलाब, जास्वंद, कोरफड, पुदिना, मनीप्लांट... एकेकाची ओळख करून दिली. जणू मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते.

सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, काठ फुटलेली एक छोटी कुंडी होती.

"आणि हिला विसरायचं नाही."

मी वाकून पाहिलं. नुसती माती. काळी, ओली, बोटांनी भुसभुशीत केलेली. त्यात गवताचं पातंसुद्धा नव्हतं.

"अगं, यात तर काहीच नाही."

"आहे. ठकीने बी लावलंय त्यात."

मी सरळ उभी राहिले.

ठकी म्हणजे मावशीची मुलगी. एकुलती एक. आम्ही बरोबरीच्या, प्राथमिक शाळेत होतो. पोटात आतड्याला पीळ पडला म्हणून तिला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, आणि ती घरी आलीच नाही. मला तिचं फार आठवत नाही. वरचा एक दात पडला होता आणि त्या फटीतून ती मला पाणी मारायची, एवढंच आठवतं. माझ्या आईने तिला त्यावरून फटकाही दिला होता.

त्या गोष्टीला किती वर्षं झाली! मला आता चष्मा लागलाय.

"मावशी, ते बी आता कशाला उगवतंय गं?" मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं.

"न उगवू दे. तू पाणी घाल. शब्द दे मला."

दिला शब्द.

पण पुढे काय झालं, की आमच्या वॉर्डातल्या एकीची सासू आजारी पडली आणि तिची ड्युटी माझ्या गळ्यात आली. मावशीचं घर माझ्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज जायचं म्हणजे जीव जायची पाळी. मग मी वॉर्डातली अक्कल लावली.

सलाईन.

रिकाम्या बाटल्या आणि नळ्या घरी आणल्या, खळखळून धुतल्या. मावशीच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला उलट्या टांगल्या. साधं पाणी भरलं. हवा जायला वरून सुईने भोक पाडलं. प्रत्येक कुंडीत एकेक नळी खोचली आणि नळीवरचं चाक फिरवून थेंब बसवले. टप... टप... अगदी सावकाश. एक बाटली दोन-तीन दिवस आरामात पुरेल अशी.

बघून मलाच हसू आलं. गुलाबसाहेब आयसीयूत ॲडमिट!

फक्त बाटल्या मोजताना घोळ झाला होता. एक कमी पडली.

कुणाला वगळायचं? विचार करायची गरजच नव्हती. ज्यात काही उगवलंच नाही तिला.

ते निघाले त्या संध्याकाळी मावशीचा बसमधून फोन आला.

"पाणी घातलंस?"

"घातलं."

"हिला?"

"हिलाही घातलं गं बाई. तू आता डोंगर बघ की जरा."

दुसऱ्या दिवशी सहज जमलं म्हणून मी सकाळपाळी संपवून तिकडे गेले. कुलूप उघडलं. आत शांत होतं. इतकं शांत, की मला आधी कळेना काय चुकतंय.

मग लक्षात आलं...

थेंबांचा आवाज येत नव्हता.

बाल्कनीत गेले. सगळ्या बाटल्या रिकाम्या. तळाला थेंब नाही.

चाकं ढिली पडली असतील, असं वाटलं. पण चाकं मी ठेवली तिथेच होती. मग सगळं पाणी भसाभस मातीत गेलं असेल. मी गुलाबाच्या मातीत बोट घातलं.

कोरडी ठणठणीत.

जास्वंदाच्या मातीत घातलं. तीही कोरडी. कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या. फरशी कोरडी. एवढ्या बाटल्यांमधलं पाणी मातीत नाही आणि जमिनीवरही नाही. मग गेलं कुठे?

"उन्हाचा तडाखा," मी मोठ्याने म्हटलं. एकटी असले की मी मोठ्याने बोलते. बाटल्या पुन्हा भरल्या, चाकं आणखी आवळली, आणि निघाले. रात्री मावशीचा फोन. हिला घातलंस ना? हो, घातलं. सवयीने तोंडातून निघून गेलं.

त्यानंतर मी गेले ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दार उघडलं. पुन्हा तीच शांतता.

बाल्कनीचं काचेचं दार मी लावून घेतलं होतं. तसंच होतं, कडी लावलेली. आत बाटल्या रिकाम्या. गुलाबाने मान टाकलेली.

आणि नळ्या...

नळ्या कुंड्यांमध्ये नव्हत्या.

प्रत्येक नळी मी मातीत बोटभर आत खोचली होती. आता सगळ्या बाहेर. सगळ्यांची टोकं एकाच बाजूला ओढलेली. कोपऱ्यात. त्या काठ फुटलेल्या कुंडीकडे.

मी त्यातली एक उचलली. टोकाजवळ ती चेपलेली होती. मी चष्मा वर करून नीट पाहिलं. कुणीतरी नळी दातांत आडवी धरून चावली होती. लहान लहान खुणांची ओळ.

आणि ओळीच्या मध्ये...

एका दाताची जागा कोरी.

"उंदीर!" मी म्हटलं. आवाज असा निघाला की माझा मलाच ओळखू येईना.

उंदीर, दुसरं काय असणार? मी स्वतःला दरडावलं. काहीतरी कामाला लागावं म्हणून स्वयंपाकघरात गेले, जग काठोकाठ भरला आणि टेबलावर ठेवला. फरशी पुसायचं फडकं आणायला न्हाणीघरात गेले. तिथे काका बादली भरून ठेवतात, पाणी जाईल म्हणून. कायमची सवय त्यांची.

बादली कोरडी होती. तळाशी पांढरा क्षार दिसत होता.

फडकं घेऊन परत आले.

जग रिकामा.

मी त्याच्यात हात घालून पाहिला. आतून कोरडा. टेबल कोरडं. हाताला दरदरून घाम फुटला होता, तेवढाच काय तो ओलावा त्या घरात होता.

आता कुणी म्हणेल, पळायचं की! खरंय. पण मी पळाले नाही. मी खुर्चीत बसले, बाल्कनीकडे पाठ करून. बसल्याबसल्या हात लांब करून शेजारच्या नळाखाली जग पुन्हा धरला. पाणी आलं, जग भरला, आणि मी तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवला. बघू कोण घेतंय ते!

घड्याळ टिकटिकत होतं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

आणि मागे...

एक आवाज आला.

मच्.

थोड्या वेळाने पुन्हा. मच्.

हा आवाज तुम्हाला ओळखता येणार नाही. मला येतो. ऑपरेशन झालेल्या पेशंटला तोंडाने पाणी देत नाहीत. तोंड इतकं कोरडं पडतं, की जीभ टाळूला चिकटते आणि सोडवावी लागते. तेव्हा असा आवाज होतो. मी रोज ऐकते. खाटेखाटेवरून येतो.

मच्.

मग अगदी बारीक, घोगरा आवाज...

"एकच घोट."

आणि मी काय केलं माहितीये? मी उत्तर दिलं. विचार न करता, वॉर्डात रोज देते तसंच, त्याच सुरात.

"आत्ता नाही हं बाळा. थोड्या वेळाने देऊ."

बोलून गेले, आणि मग कळलं की मी कुठे बसलेय.

मागचा आवाज थांबला.

मग रडणं सुरू झालं. जोरात नाही. ज्या मुलाला माहीत असतं की रडून काही मिळणार नाही, ते मूल रडतं ना, तसं. आणि खरं सांगते, त्या क्षणी भीती बाजूलाच राहिली. इतक्या वर्षांत किती जणांना मी "थोड्या वेळाने" म्हटलं असेन, पण तेव्हा मला कारण तरी माहीत होतं. इथे काय कारण होतं? बाटली कमी पडली, एवढंच!

मी उठले. डोळे जमिनीवर ठेवून बाल्कनीत गेले. समोर पाहायची हिंमत झाली नाही. त्या कोपऱ्यातल्या कुंडीत जग ओतला.

माती भेगाळली होती. पाणी पडल्यापडल्या आत गेलं.

पुन्हा भरून आणला. तोही आत गेला. पुन्हा. पुन्हा. एवढीशी कुंडी, माझ्या ओंजळीएवढी माती, आणि पाणी जात होतं तरी कुठे? खालच्या भोकातून थेंबसुद्धा बाहेर आला नाही. फक्त आवाज येत होता...

गटक्. गटक्. गटक्.

शेवटी एकदाचं पाणी मातीवर थांबलं. वर आलं, काठाला लागलं, लकाकलं. माझ्या कोपराजवळ कुणीतरी लांब श्वास सोडला. गार.

त्यानंतर मी रोज गेले. हातापाया पडून ड्युट्या बदलून घेतल्या. आधी त्या कुंडीला पाणी, मग बाकीच्यांना. पुन्हा काही झालं नाही. गुलाबानेही मान उचलली. सलाईनचं सगळं सामान मी कचऱ्यात टाकलं.

सगळं, असं मला वाटलं होतं.

मावशी-काका परत आले तेव्हा मी किल्ली द्यायला गेले. काका उन्हाने लाल झाले होते, खुशीत होते. "सिस्टरबाई, तुमची मावशी घोड्यावर बसली! घोडा घाबरला, ती नाही." मावशी हसत हसत बाल्कनीत गेली. मीही मागोमाग गेले.

तिने आल्याआल्या त्या कुंडीपाशी बसकण मारली. आणि कुंडीमागून काहीतरी उचललं.

नळीचा तुकडा.

तिने तो उजेडात धरला. खुणांवरून बोट फिरवलं. कोऱ्या जागेवर बोट थांबलं.

"हे काय आहे?"

मी थापा मारू शकले असते. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. बाटली कमी पडली इथपासून ते त्या श्वासापर्यंत. मला वाटलं, ती घाबरेल. निदान चिडेल.

"पाणी मागितलं तिने?" मावशीने विचारलं.

"हो."

"एकच घोट म्हणाली?"

"मावशी, तुला कसं..."

"ऑपरेशननंतर सारखी तेच म्हणत होती." मावशी त्या तुकड्याशी बोलत असल्यासारखी बोलत होती. "डॉक्टर म्हणाले, थेंबही द्यायचा नाही. मी तांब्या पदराखाली लपवला. माझ्याकडे बघत होती ती. शेवटपर्यंत तांब्याकडेच बघत होती गं..."

मी तिच्याशेजारी खाली बसले. तिचा हात हातात घेतला. "मावशी, तेव्हा देता येत नसतं. खरंच नसतं. मी रोज बघते."

तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. तिचे डोळे भरून आले होते. आणि ती...

ती हसत होती.

"इतकी वर्षं मी रोज पाणी घातलं," ती म्हणाली, "म्हणून आली नाही. बघ ना, कशी वेडी मी! तहान लागली की येते."

त्या उन्हातही माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

पुढचे काही आठवडे मी तिकडे फिरकले नाही. खोटं कशाला बोलू, टाळलंच. मग काकांचा फोन आला. आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. "सिस्टरबाई, येऊन जा. मावशी खूश असते हो, पण... तुम्ही या."

गेले.

मावशी खरंच खूश होती. छान साडी नेसली होती. बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. सगळी झाडं हिरवीगार.

कोपऱ्यातल्या कुंडीत मातीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडली होती.

"बस," मावशी हळूच म्हणाली. "येईल आता."

"मावशी, पाणी घाल त्या कुंडीला."

"नाही."

"अगं, तुझंच लेकरू आहे. तहानलेलं आहे ते!"

"दिलं तर जाईल ना गं."

तेवढ्यात...

मच्.

मावशीचा चेहरा उजळला. असा आनंद मी तिच्या तोंडावर उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिने हवेत हात पुढे केला, केसांवरून फिरवतात तसा फिरवला, आणि अगदी लाडाने म्हणाली, "थोड्या वेळाने हं बाळा. थोड्या वेळाने देऊ."

माझेच शब्द.

मी पर्समधून पाण्याची बाटली काढली. तिने माझं मनगट धरलं. दिसायला काडी, पण नखं रुतली. "खबरदार."

काका आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते.

निघताना चपला घालायच्या निमित्ताने मी पुन्हा बाल्कनीकडे वळले. मावशी डोळे मिटून पुटपुटत होती. मी वाकले, त्या कुंडीतली मूठभर माती उचलली आणि रुमालात बांधली.

आता ती माती माझ्या घरी आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत, एका छोट्या कुंडीत. रोज सकाळी मी तिला पोटभर पाणी घालते. नवरा हसतो. "काहीच नाही त्यात, पाणी कसलं घालतेस?" मी म्हणते, बी लावलंय.

मी पाणी घालायला लागल्यापासून मावशीचा रोज फोन येतो.

"आज आली नाही गं ती. कालही नाही. का बरं येत नसेल?"

मी म्हणते, माहीत नाही. ती फोनवर रडते. मी ऐकून घेते. दिवसेंदिवस आवाज खोल जातोय तिचा. जेवत नाही, काका सांगतात.

आज वॉर्डात एकामागून एक ऑपरेशनं होती. पहाटेच घराबाहेर पडले, दिवस मावळल्यावर आले. चहासुद्धा धड घेतला नाही. पाणी घालायचं राहून गेलं.

दारातच फोन वाजला. मावशी. इतक्या दिवसांनी खळखळून हसत होती.

"आली होती गं! दिवसभर होती माझ्यापाशी. आत्तासुद्धा आहे. आज मी दोन घास जेवले, विचार काकांना. थांब, ऐकवते तुला."

तिने फोन पुढे धरला असावा.

मच्.

मी जग भरून घेतलाय. खिडकीपाशी उभी आहे. मातीला बारीकशी भेग पडलीये.

फोन अजून चालू आहे, आणि मावशी हसतेय.